केनेडी हत्या: एका गोळीचा ‘चमत्कार’, ५.६ सेकंद आणि टेकाडावरचा बंदूकधारी – यातलं काय मोजून तपासता येतं?

कुतूहल

मार्च २०२५ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येचे (डॅलस, २२ नोव्हेंबर १९६३) उरलेसुरले कागद खुले झाल्यापासून जुने व्हिडिओ नव्या मथळ्यांनी फिरताहेत. चार मुद्दे बहुतेक सगळ्यांत असतात:

१. एकच गोळी केनेडींच्या पाठीतून गळ्यावाटे बाहेर पडली, पुढे बसलेल्या गव्हर्नर कॉनलींची बरगडी फोडून मनगटात आणि शेवटी मांडीत गेली, आणि तरी स्ट्रेचरवर जवळजवळ नव्यासारखी सापडली. हवेत वळल्याशिवाय हे अशक्य.

२. हाताने बोल्ट ओढायची रायफल, आणि ५.६ सेकंदांत तीन गोळ्या.

३. मिरवणूक बघायला आलेल्या झप्रुडर नावाच्या माणसाने काढलेल्या फिल्ममध्ये डोकं मागे आणि डावीकडे फेकलं जातं, म्हणजे गोळी पुढून, रस्त्याकडेच्या टेकाडावरून आली.

४. खुद्द अमेरिकी काँग्रेसच्या समितीने १९७९ मध्ये ‘बहुधा कट होता’ असं म्हटलं.

हत्येची अधिकृत चौकशी करणारा वॉरन आयोग म्हणतो की पुस्तक डेपोच्या इमारतीतून एकट्या ओस्वाल्डने गोळ्या झाडल्या. पण ‘वॉरन आयोगाने सांगितलंय ना’ हे उत्तर नको आहे. ज्यांना बॅलिस्टिक्स, फिल्म किंवा कागदपत्रं यांतलं कळतं त्यांनी सांगावं: यातला कुठला मुद्दा मोजमापावर टिकतो आणि कुठला नाही?

---

तिरकामारा

पहिल्या मुद्द्यावर लिहितो, कारण त्यातली चूक गोळीत नसून आकृतीत आहे.

त्या व्हिडिओंमधली आकृती दोघांना एकामागे एक, एकाच उंचीवर, नाकासमोर बघत बसवते. प्रत्यक्षात कॉनली घडीच्या खुर्चीवर होते. ती मागच्या सीटपेक्षा खाली होती आणि दारापासून आत सरकवलेली होती, तर केनेडी उजव्या कडेला दाराला टेकून, कोपर बाहेर काढून बसले होते. शिवाय त्या क्षणी कॉनलींचं धड उजवीकडे वळलेलं होतं. कागदावर गाडी वरून काढा, केनेडींना उजव्या कडेला आणि कॉनलींना थोडं डावीकडे ठेवा, मग पुस्तक डेपोच्या सहाव्या मजल्यावरच्या आग्नेय खिडकीतून रेघ ओढा. ती सरळच जाते. खिडकीतून खाली येणारा कोन सुमारे २१ अंश होता. एल्म स्ट्रीटचा उतार ३ अंशांहून थोडा जास्त, म्हणून गाडीच्या हिशोबाने जवळपास १८ अंश. त्या वेळचं अंतर ५४ ते ५८ मीटर.

‘पाठीवरची जखम फार खाली आहे’ असा उपप्रश्न येतोच. कोटावरचं भोक कॉलरच्या वरच्या कडेपासून सुमारे १३.५ सेंमी खाली आहे, हे खरं. पण मिरवणुकीचे फोटो पाहा, कोट मानेमागे गोळा झालेला स्पष्ट दिसतो. म्हणून कोट फुटपट्टीने मोजू नये. शवविच्छेदनात हाडांपासून घेतलेली मापं आहेत: उजव्या कानामागच्या हाडाच्या टोकापासून १४ सेंमी आणि खांद्याच्या टोकापासून १४ सेंमी. अंगरखा सरकतो, हाडं सरकत नाहीत.

आता खरा पुरावा. कॉनलींच्या पाठीतली जखम त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी लांबट, दीड सेंमी अशी नोंदवली. गोळीचा व्यास साडेसहा मिलिमीटरच्या आसपास. थेट नळीतून येणारी गोळी नाकाने घुसते आणि गोल भोक पाडते. लांबट भोक पडलं याचा अर्थ बहुधा गोळी आधी कशातून तरी गेली होती आणि कलत, आडवी होत आली होती. कॉनलींच्या मागे, रेषेत, केनेडींखेरीज काहीही नव्हतं.

आणि ‘नव्यासारखी’ म्हणजे नेमकी कशी? पुरावा क्रमांक सीई ३९९ चा बाजूने काढलेला फोटोच सगळीकडे फिरतो. बुडाकडून काढलेला फोटो शोधा: बूड चपटं झालंय आणि शिसं बाहेर दबून आलंय. वजन १५८.६ ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम). न उडवलेल्या गोळीचं १६० ते १६१ ग्रेन. म्हणजे घट ९० ते १५५ मिलिग्रॅम. कॉनलींच्या शरीरातल्या कणांसाठी तेवढी पुरते, कारण ते कण खरोखरच बारीक होते.

ती मोडली कशी नाही? ओस्वाल्डच्या कार्कानो रायफलची गोळी लांब, बोथट नाकाची, पूर्ण धातूच्या जाड कवचाची असते. पूर्ण वेगात हाडावर आपटली तर तीही फुटते, आणि डोक्यातली फुटलीच. पण ३९९ ने केनेडींच्या मानेत मऊ भागातून जाताना थोडा वेग गमावला, बरगडीला आडवी लागून बराच गमावला, मनगटाच्या हाडाला ती अगदी मंद झाल्यावर लागली आणि मांडीत तर जेमतेम शिरली. जखमांचे अभ्यासक डॉ. मार्टिन फॅकलर यांनी १९९२ मध्ये अशीच गोळी वेग कमी करून, सेकंदाला साधारण ११०० फूट, मृतदेहाच्या मनगटातून मारून दाखवली. हाड मोडलं, गोळीला जवळपास काही झालं नाही.

माझ्या मते या वादात उलटा प्रश्न जास्त कामाचा आहे. केनेडींच्या गळ्यातून बाहेर पडलेली गोळी कॉनलींना लागली नसेल तर गेली कुठे? गाडीच्या आतल्या भागात पूर्ण वेगाच्या गोळीची खूण नाही. समोरची काच आतून तडकली आणि क्रोमच्या पट्टीला खळगा पडला, पण ते डोक्यात फुटलेल्या गोळीच्या तुकड्यांचं काम. आणि ‘गळ्यात पुढून एक, पाठीत मागून एक’ असं मानलं तर दोन रायफलच्या गोळ्या हाडाला न लागता मऊ मांसात थांबल्या आणि एक्स-रेमध्ये दोन्ही गायब, हे मान्य करावं लागतं. चमत्कार तिथे आहे.

---

फ्रेम_२२४

सेकंदांचा हिशोब.

झप्रुडरचा कॅमेरा बेल अँड हॉवेलचा, ८ मिमी. एफबीआयने तपासलेला त्याचा सरासरी वेग सेकंदाला १८.३ फ्रेम. त्यामुळे कुठल्याही दोन फ्रेममधलं अंतर १८.३ ने भागायचं, बास.

५.६ हा आकडा कुठून आला तेही यातूनच दिसतं. आयोगाने दोघांना लागलेली गोळी फ्रेम २१० ते २२५ च्या दरम्यान धरली. डोक्यातली ३१३ ला. (३१३ − २१०) ÷ १८.३ = ५.६ आणि (३१३ − २२५) ÷ १८.३ = ४.८. म्हणजे ४.८ ते ५.६ सेकंद हे *लागलेल्या दोन* गोळ्यांमधलं अंतर आहे. चुकलेली तिसरी गोळी या दोघींच्या मधे झाडली असेल तरच तिन्ही गोळ्या ५.६ सेकंदांत येतात. ती आधी चुकली असेल तर एकूण वेळ वाढतो, आणि हे वॉरन अहवालातच लिहिलंय. व्हिडिओवाले तेवढं वाक्य गाळतात.

आता फ्रेम २२४ ला कॉनलींच्या कोटाची उजवी कड फडकते आणि लगेच दोघेही एकदम प्रतिक्रिया देतात. पहिली, चुकलेली गोळी साधारण १६० च्या आसपास मानली जाते. हा तिन्हींतला सर्वात कच्चा आकडा आहे, कारण तो कॅमेरा हलणं आणि लोकांच्या माना वळणं यावरून काढलेला. तरी तो धरला तर:

१६० → २२४ : ३.५ सेकंद
२२४ → ३१३ : ४.९ सेकंद
एकूण : ८.४ सेकंद

एफबीआयच्या चाचणीत त्याच रायफलचा बोल्ट ओढून, दुर्बिणीतून नेम धरून पुन्हा झाडायला किमान २.३ सेकंद लागले. इथे आणखी एक नेहमीची चूक होते. तीन गोळ्यांना बोल्ट *दोनदाच* ओढावा लागतो. पहिली गोळी सुटते तेव्हा घड्याळ शून्यावर असतं. २.३ ला तीनने गुणणारा माणूस एक गोळी जास्त मोजतोय.

‘ओस्वाल्ड नेमबाज नव्हता’ याबद्दल: मरीन दलात डिसेंबर १९५६ मध्ये त्याला २१२ गुण होते, म्हणजे मधली ‘शार्पशूटर’ श्रेणी. मे १९५९ मध्ये १९१, खालच्या श्रेणीत जेमतेम. उत्कृष्ट नव्हताच. पण शेवटचं अंतर ८१ मीटर होतं, रायफल टेकवायला खोकी होती, आणि गाडी त्याच्यापासून जवळजवळ सरळ दूर जात होती, त्यामुळे नळी आडवी फार फिरवावी लागत नव्हती. तीनपैकी एक सगळ्यालाच चुकली, एक मानेखाली लागली. असा निकाल काही अचाट नेमबाजाचा नाही.

---

तिरकामारा

+१. तिसऱ्या मुद्द्याचं गणित इथेच उरकतो.

गोळीचं वजन १०.४ ग्रॅम, ८१ मीटरवर वेग सेकंदाला ५५० मीटर धरू. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ५.७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. ७७ किलोच्या माणसाला तो सगळाच्या सगळा दिला तरी वेग मिळतो सेकंदाला साडेसात *सेंटीमीटर*. म्हणजे गोळी पुढून आली काय, मागून आली काय, धड असं मागे फेकलं जाणं नुसत्या धक्क्याने होऊच शकत नाही. ‘मागे गेलं म्हणून पुढून लागलं’ हा तर्क इथेच संपतो, दिशा कुठली हे ठरवायच्याही आधी.

मग ते का हललं? दोन स्पष्टीकरणं आहेत आणि दोन्ही एकत्रही लागू असू शकतात. एक, मज्जासंस्थेला बसलेल्या आघाताने पाठीचे स्नायू आखडणं. दोन, नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ यांनी १९७६ मध्ये मांडलेला झोताचा परिणाम: गोळी गेल्यावर समोरून बाहेर फेकला जाणारा ऐवज गोळीपेक्षा जास्त संवेग घेऊन गेला तर उरलेला भाग उलट्या दिशेला ढकलला जातो. त्यांनी पट्टीने गुंडाळलेल्या कलिंगडवर्गीय फळांवर गोळ्या झाडून ते दाखवलं, फळं बंदुकीच्या दिशेने मागे आली. मात्र खऱ्या डोक्यात या परिणामाचा वाटा किती होता, यावर वाद आहे, आणि तो रास्त आहे.

३१२ ते ३१३ या एका फ्रेममध्ये डोकं आधी पाचेक सेंमी *पुढे* सरकतं, हेही बरेच जण सांगतात. मी त्यावर फार भार टाकणार नाही. ३१३ ची फ्रेम हललेली आहे आणि पाच सेंमी हा आकडा त्या धूसरपणामुळे वादात आहे.

दिशा ठरते ती हाडावरून. कवटीच्या हाडातून गोळी गेली की जिथून शिरते त्या बाजूला भोक लहान आणि पलीकडे नरसाळ्यासारखं पसरत गेलेलं असतं. केनेडींच्या कवटीच्या मागच्या भागातलं भोक आतल्या बाजूला पसरलेलं आहे. १९६८ चं सरकारने नेमलेलं डॉक्टरांचं क्लार्क मंडळ आणि १९७८ मधल्या काँग्रेस समितीचं नऊ न्यायवैद्यक तज्ज्ञांचं मंडळ, दोघांनी मूळ फोटो-एक्स-रे पाहून मागूनच म्हटलं. नवापैकी एकाने, सिरिल वेक्ट यांनी, एका गोळीच्या निष्कर्षाला ठाम विरोध केला, तोही वाचावा. आणि उजवीकडच्या टेकाडावरून डोक्यात लागली असती तर ती डाव्या बाजूने बाहेर पडायला हवी होती. डावी बाजू शाबूत आहे.

---

आडवा_प्रश्न

हे सगळं ठीक. पण एफबीआयने पुरावा नष्ट केला आणि सीआयएने आयोगापासून माहिती लपवली, हे तर सिद्ध झालेलं आहे ना? अशा लोकांनी गोळा केलेल्या वस्तूंवर तुम्ही दशांश चिन्हांपर्यंत हिशोब मांडताय. आणि सीई ३९९ नेमकी कुणाच्या स्ट्रेचरवर सापडली हे सापडवणाऱ्यालाही नक्की सांगता आलं नव्हतं.

---

दस्तऐवजी

आडवा_प्रश्न, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या लपवायचं कारण नाही.

ओस्वाल्डने हत्येच्या काही आठवडे आधी डॅलसच्या एफबीआय कार्यालयात एजंट होस्टीसाठी चिठ्ठी ठेवली होती. ओस्वाल्ड मेल्यावर ती फाडून शौचालयात टाकण्यात आली. हे १९७५ मध्ये उघड झालं. सीआयएने कॅस्ट्रोला मारायचे बेत आखले होते. माजी प्रमुख ॲलन डलेस आयोगाचे सदस्य असूनही हे बेत आयोगासमोर आले नाहीत. सेनेटर फ्रँक चर्च यांच्या चौकशी समितीने ते १९७५ मध्येच बाहेर काढले. १९७८ मध्ये काँग्रेस समितीला कागद पुरवायला सीआयएने जो अधिकारी नेमला, तो जॉर्ज जोआनिडीस १९६३ मध्ये त्याच क्युबन निर्वासित गटाचं काम बघत होता ज्याचा न्यू ऑर्लिन्समध्ये ओस्वाल्डशी खटका उडाला. समितीला हे सांगितलं नव्हतं. यावर राग यायलाच हवा.

पण प्रत्येक लपवाछपवीला विचारा की ती *कशाची* होती. चिठ्ठी फाडणाऱ्यांना झाकायचं होतं की हा माणूस आपल्या नजरेखाली होता आणि आपण काही केलं नाही. कॅस्ट्रोचे बेत हे दुसऱ्याच खुनाचे होते. खात्याची अब्रू वाचवणं आणि राष्ट्राध्यक्षाला मारणं यांच्यामधली पायरी सांधणारा कागद केनेडी हत्येचे कागद खुले करण्याच्या १९९२ च्या कायद्यानंतर खुल्या झालेल्या लाखो पानांत आलेला नाही, २०२५ च्या गठ्ठ्यातही नाही.

३९९ ची साखळी कच्ची आहे, मान्य. गोळीवरच्या खुणा मात्र डेपोत सापडलेल्या सी२७६६ क्रमांकाच्या, ओस्वाल्डच्याच रायफलच्या नळीशी जुळतात. आता ती मुद्दाम ठेवली असं धरून पुढे चला. ती सापडली तेव्हा कॉनली शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. ठेवणाऱ्याला आधीच ठाऊक असायला हवं की डॉक्टरांना त्यांच्या शरीरात दुसरी गोळी मिळणार नाही. एक जरी मिळाली असती तरी सगळा बनाव तिथेच उघडा पडला असता. एवढा मोठा जुगार कुठला कट करणारा खेळेल? आणि ३९९ बाजूला काढली तरी गाडीत पुढच्या सीटपाशी सापडलेले दोन मोठे तुकडे त्याच रायफलचे आहेत, खिडकीखालच्या तीन रिकाम्या पुंगळ्याही.

एक गोष्ट आमच्या बाजूने मागे घ्यायला हवी. १९७८ मध्ये शिशातल्या अँटिमनी या धातूच्या प्रमाणावरून सगळे तुकडे दोनच गोळ्यांचे आहेत असं व्हिन्सेंट ग्विन यांनी सांगितलं होतं. ही पद्धतच नंतर टिकली नाही. २००४ च्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालानंतर एफबीआयने शिशाची अशी तुलना बंद केली, आणि २००७ मध्ये संख्याशास्त्रज्ञांनी केनेडी प्रकरणातला निष्कर्षही कमकुवत ठरवला. अजूनही कुणी तो पुरावा म्हणून देत असेल तर त्याला तिथेच थांबवा, तो कुठल्याही बाजूचा असो.

---

ध्वनिफीत

चौथा मुद्दा राहिला.

काँग्रेस समितीचा मसुदा डिसेंबर १९७८ पर्यंत ‘कट नाही’ असाच होता. अगदी शेवटी ध्वनितज्ज्ञांची साक्ष आली: डॅलस पोलिसांच्या एका मोटारसायकलचा माइक चालू अवस्थेत अडकला होता, त्या ध्वनिमुद्रणात चार धक्के आहेत आणि एक टेकाडावरून, ९५ टक्के संभाव्यता. तेवढ्या एका आधारावर निष्कर्ष फिरला.

पोलिसांचे दोन चॅनेल होते, दोन वेगळ्या यंत्रांवर मुद्रित होणारे. पहिल्या चॅनेलच्या मुद्रणात, नेमक्या त्या ‘गोळ्यां’च्या जागी, दुसऱ्या चॅनेलवरचं शेरीफ डेकर यांचं वाक्य अस्पष्टपणे झिरपलेलं आहे. ते प्रथम ओळखलं ते ओहायोतल्या एका ढोलवादकाने, मासिकासोबत मिळालेली तबकडी ऐकून! डेकर यांनी तो हुकूम गोळीबार *झाल्यावर* दिला होता. नॉर्मन रॅमसे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८२ मध्ये दोन्ही चॅनेल जुळवून काढलं की ते धक्के गोळीबारानंतर सुमारे मिनिटभराने आलेले आहेत. २००१ मध्ये यावर आक्षेप घेणारा निबंध आला, २००५ मध्ये रॅमसे समितीतल्या काहींनी त्याला उत्तर देऊन तोच निष्कर्ष कायम ठेवला.

आणि ‘समितीने कट म्हटलं’ असं सांगणारे पुढचं सांगत नाहीत: त्याच समितीच्या मते टेकाडावरची कथित गोळी *चुकली*, मारणाऱ्या गोळ्या ओस्वाल्डच्याच होत्या, आणि दोघांना एकच गोळी लागली हेही तिने मान्य केलं. चौथा मुद्दा घेतला की पहिला सोडावा लागतो. व्हिडिओत दोन्ही शेजारी शेजारी असतात.

टेकाडाकडून आवाज आला म्हणणारे साक्षीदार खोटं बोलत नव्हते. ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा स्वतःचा कडाका असतो. तो गोळीच्या मार्गावरून येतो, नळीच्या आवाजाआधी. त्यात तिन्ही बाजूंच्या भिंतींचे प्रतिध्वनी. अशा जागी कान आवाजांची *संख्या* बऱ्यापैकी सांगतात, दिशा वाईट सांगतात. समितीने तपासलेल्या १७८ साक्षींपैकी १३२ जणांनी तीन आवाज सांगितले. दोन वेगळ्या ठिकाणांहून गोळ्या आल्या असं म्हणणारे होते फक्त चार.

---

कुतूहल

सर्वांचे आभार, विशेषतः ५.६ चं मूळ कळलं हे फार बरं झालं. एकच शंका: दोन दिवसांनी पोलिसांच्या ताब्यातल्या ओस्वाल्डला गोळी घालणारा जॅक रूबी. ओस्वाल्डचं तोंड बंद करायला कुणीतरी पाठवला, हे तरी पटण्यासारखं वाटतं.

---

दस्तऐवजी

तिथे वेळा बघा. २४ नोव्हेंबरला ओस्वाल्डला तुरुंगात हलवायची जाहीर केलेली वेळ सकाळी १० ची होती. रूबीने जवळच्या वेस्टर्न युनियनच्या कार्यालयातून आपल्या क्लबातल्या एका नर्तकीला २५ डॉलर पाठवले, पावतीवर शिक्का ११:१७ चा. गोळी झाडली ११:२१ ला. मधला उशीर झाला तो चौकशी लांबल्यामुळे. त्या सकाळी एक टपाल निरीक्षक आयत्या वेळी येऊन प्रश्न विचारत बसले, आणि निघताना ओस्वाल्डने स्वेटर मागून घेतला. पाठवलेला मारेकरी ठरल्या वेळेनंतर सव्वा तासाने पैसे पाठवायच्या खिडकीशी उभा राहत नाही.

हाच निकष ओस्वाल्डच्या नोकरीला लावा. पुस्तक डेपोत तो १६ ऑक्टोबरला लागला, शेजारणींच्या बोलण्यातून कळलेल्या जागेवर. मिरवणूक जिथे पोहोचायची होती त्या भोजनासाठी ट्रेड मार्ट ही जागा ठरली १४ नोव्हेंबरला, आणि मिरवणुकीचा मार्ग वर्तमानपत्रांत आला १९ ला. म्हणजे नोकरी आधी, मार्ग नंतर.

‘साक्षीदार एकामागून एक मेले, शक्यता अब्जावधीत एक’ हा आकडाही लवकरच तुमच्यापर्यंत येईल. तो १९६७ मध्ये लंडनच्या संडे टाइम्सने छापला होता. काँग्रेस समितीने विचारल्यावर वृत्तपत्राने कळवलं की विमागणितज्ञाला प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. अमुक पंधरा *विशिष्ट* माणसं मरण्याची शक्यता वेगळी, आणि शेकडो साक्षीदारांपैकी *कुणीही* पंधरा मरण्याची वेगळी.

रूबी तळघरात शिरला कुठून, हा प्रश्न मात्र अजून खुला आहे. वॉरन आयोग म्हणतो मेन स्ट्रीटकडच्या गाड्यांच्या उतारावरून. तिथे उभा असलेल्या पोलिसाने ते नाकारलं, आणि १९७९ च्या समितीला गल्लीकडून आत येणारा जिना जास्त शक्य वाटला. त्यावर वेगळा धागा काढलात तर तिथे लिहितो.